टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून रुजू होताना आधी काय शिकावं?

शिकाऊ_टूलरूम:
टूलमेकिंग टेक्निशियनच्या शिकाऊ जागेवर लवकरच रुजू होतोय. मुख्य काम प्रेस टूल (पत्रा तोडणारे पंच आणि डाय) आणि जिग-फिक्स्चरचं (जॉब जागेवर धरायची साधनं) आहे, थोडंफार मोल्डचं. लेथ आणि मिलिंग चालवता येतं, ड्रॉइंग बऱ्यापैकी वाचता येतं, कॅडमध्ये साधे पार्ट काढता येतात. सरफेस ग्राइंडर, वायरकट (तारेच्या ठिणग्यांनी कापणारं मशीन) आणि हीट ट्रीटमेंटला अजून हात लागलेला नाही.

विचारायचं आहे ते असं:
१. पहिले सहा महिने भर कशावर द्यावा, सीएनसी प्रोग्रॅमिंगवर की बेंचवर्कवर?
२. मापाची स्वतःची हत्यारं कोणती घ्यावीत?
३. नवीन माणसाला ४० × ४० × ८० मिमीचा ठोकळा सहा बाजूंनी ०.०२ मिमीत काटकोनात करायला देतात. मिलिंगवर यात नेमकं कुठे चुकतं?
४. प्रेस टूल समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

"मेहनत करा, सगळं जमेल" हे माहीत आहे. आकडे आणि पद्धत सांगितलीत तर खरा उपयोग होईल.

कानस_आणि_छिन्नी:
पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बेंच आणि मापन. सीएनसी शिकायचंच आहे, पण ते सहा महिने उशिरा शिकलात तरी काही अडत नाही. मशीन सांगाल तिथलं मटेरियल काढतं. माप कोणत्या बाजूवरून धरायचं, कोणतं ऑपरेशन आधी घ्यायचं, हार्डनिंगसाठी किती सोडायचं, हे सगळं माणसाला ठरवावं लागतं आणि टूलरूममध्ये माणसाची किंमत त्यावरच होते.

आता ठोकळा. यात चूक कटरची क्वचित असते, बहुतेक वेळा ती व्हाइसमध्ये होते. व्हाइस आवळताना मूव्हिंग जॉ किंचित वर उचलला जातो. शिवाय जॉबची कच्ची बाजू समोरच्या बाजूला समांतर नसते. दोन्ही मिळून जॉब फिक्स जॉवर नीट टेकत नाही आणि काटकोन तिथेच जातो.

म्हणून सुरुवातीला तीन गोष्टी तपासा. स्पिंडलला लिव्हर डायल लावून फिक्स जॉवरून टेबल चालवा. १०० मिमीत फरक ०.०१ च्या आत हवा. मग ग्राइंड केलेली पट्टी फिक्स जॉला लावून डायल उभा चालवा, म्हणजे जॉ उभ्यात सरळ आहे का ते कळेल. शेवटी डायल टेबलावर साधारण २०० मिमी व्यासात फिरवून हेड बघा. हेड कललेलं असेल तर फेस कटरने बाजू खोलगट निघते, आणि मग तुम्ही नुसते कागद लावत बसता.

क्रम असा ठेवा:

सर्वांत मोठी, त्यातल्या त्यात बरी बाजू आधी साफ करा. ही बाजू १.

बाजू १ फिक्स जॉला लावा. मूव्हिंग जॉ आणि जॉब यांच्यामध्ये १० ते १२ मिमीचा गोल रॉड आडवा धरा, जॉबचा जेवढा भाग जॉमध्ये आहे त्याच्या साधारण मध्यावर. रॉड एकाच रेषेत दाबतो, त्यामुळे जॉब फिक्स जॉवर पूर्ण बसतो. बाजू २ काढा, बर (कडेला राहिलेला धारदार कीस) घालवा, आणि इथे थांबून १ व २ मधला काटकोन बघा. इथे आला नाही तर पुढे जाऊ नका, कारण पुढच्या सगळ्या बाजू याच कोनावर उभ्या राहणार आहेत.

बाजू १ अजूनही फिक्स जॉलाच, बाजू २ खाली पॅरललवर (समांतर पट्ट्यांवर), रॉड तसाच. बाजू ३ मापात काढा. आवळून झाल्यावर मऊ हातोडीने ठोका आणि दोन्ही पॅरलल हाताने हलवून बघा. एकही सरकत असेल तर जॉब बसलेला नाही.

बाजू १ खाली पॅरललवर, २ आणि ३ जॉमध्ये. आता समोरासमोरच्या बाजू तयार आहेत, त्यामुळे रॉडची गरज नाही. बाजू ४ काढा.

दोन टोकांसाठी ८० मिमीचा ठोकळा उभा धरण्यापेक्षा आडवा धरून टोक जॉच्या बाहेर थोडं काढा आणि एंड मिलच्या बाजूने घ्या. शेवटचा पास ०.१ ते ०.२ मिमीचाच ठेवा, नाहीतर एंड मिल वाकते आणि टोक तिरकं येतं.

प्रत्येक बाजूनंतर कानशीने बर काढणं याला पर्याय नाही. ०.०५ ची बर एका कडेखाली अडकली की जॉब तेवढाच कलतो, आणि तुमची ०.०२ ची मर्यादा तिथेच संपली.

काटकोन तपासायला गुण्या प्रकाशासमोर धरला तर फट दिसते, पण किती ते कळत नाही. आकडा हवा असेल तर सरफेस प्लेटवर खाली एक गोल टेकू ठेवा आणि त्याच्या बरोबर वर, जॉबच्या माथ्याजवळ, डायल लावा. जॉबची एक बाजू टेकूला लावून डायल शून्य करा, जॉब १८० अंशांत फिरवून समोरची बाजू लावा. दोन्ही बाजू समांतर असतील तर डायलवर दिसणारा फरक काटकोनातल्या चुकीच्या दुप्पट असतो. ०.०४ दिसलं तर चूक ०.०२. या पद्धतीत गुण्या अचूक आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

ठोकळा पुढे ग्राइंडिंगला जाणार असेल तर दर बाजूला ०.२ ते ०.३ सोडा. आणि मिलिंग आलं म्हणून कानस सोडू नका. ५० × ५० × १० ची पट्टी कानशीने सपाट आणि काटकोनात करून बघा. दाब फक्त पुढे जाताना, परत येताना नाही. दातांत कीस अडकून ओरखडे पडू लागले की कानशीला खडू घासा. पंच-डायच्या फिटिंगमध्ये शेवटचे दोन शतांश हातानेच जातात.

मायक्रॉन:
दुसरा प्रश्न घेतो. स्वतःची म्हणून एवढी हत्यारं पुरतात: १५० मिमीचा व्हर्निअर, ०–२५ चा मायक्रोमीटर, मॅग्नेटिक बेससह ०.०१ चा लिव्हर डायल, छोटा गुण्या, १० मिमीचा एज फाइंडर, फीलर गेज, थ्रेड पिच गेज, स्क्रायबर आणि ॲलन की चा चांगला संच. २५–५० चा मायक्रोमीटर नंतर. स्लिप गेज (ठरलेल्या मापाचे अचूक तुकडे), बोअर गेज, सरफेस प्लेट, साइन बार (कोन लावायची पट्टी) टूलरूमचेच वापरा. ते कॅलिब्रेशनमध्ये असतात.

हत्यारं घेण्यापेक्षा ती कुठे खोटं बोलतात हे माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

व्हर्निअर: ०.०२ लीस्ट काउंट असलेल्या हत्याराने ०.०२ टॉलरन्सचा निर्णय घ्यायचा नाही. हत्यार टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकं बारीक वाचणारं असावं, निदान पाचव्या. शिवाय व्हर्निअरची पट्टी आणि मोजायचं अंतर एका रेषेत नसतं. जोरात दाबलं की जॉ कलतो आणि माप कमी दिसतं. अर्न्स्ट आबे यांनी १८९० साली मांडलेलं तत्त्व नेमकं हेच सांगतं. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एका रेषेत असतात, म्हणून त्यावर जास्त भरवसा.

लिव्हर डायल: काटा पृष्ठभागाला जवळपास समांतर ठेवा. ३० अंश उभा ठेवलात तर डायलवर ०.१० दिसेल, पण खरी हालचाल ०.०८७ असेल, कारण ३० अंशांचा कोसाइन ०.८६६. १५ अंशांपर्यंत चूक साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. जॉब शून्यावर आणताना याने फरक पडत नाही, मात्र आकडा वाचून निर्णय घेताना पडतो.

तापमान: मापं २० °से. ला धरलेली असतात. स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. १०० मिमीचा जॉब ग्राइंडरवरून १० अंश गरम उतरला तर तो ०.०११ ते ०.०१२ मोठा दिसतो. तुम्ही तो "मापात" आणता आणि थंड झाल्यावर तो कमी भरतो. ॲल्युमिनियम याच्या जवळपास दुप्पट वाढतं. शेवटच्या मापाआधी जॉब आणि गेज एकाच प्लेटवर काही वेळ शेजारी ठेवा. स्लिप गेजही मुठीत धरून बसू नका.

स्लिप आणि साइन बार: १०० मिमीचा साइन बार, १५ अंश हवे असतील तर उंची १०० गुणिले साइन १५, म्हणजे २५.८८२. स्लिप लावताना शेवटच्या अंकापासून सुरुवात करा: १.००२, मग १.३८, मग ३.५, मग २०. चार तुकड्यांत काम झालं. तुकडे जितके कमी तितकी चूक कमी. जोडण्याआधी पुसून घ्या, काम संपलं की लगेच सोडवा, रात्रभर चिकटलेले ठेवू नका. ४५ अंशांच्या वर साइन बार वापरू नका. तिथे उंचीतली बारीकशी चूक कोनात मोठी होऊन दिसते.

ड्रॉइंगबद्दल दोनच गोष्टी. शीटवर आधी प्रोजेक्शनचं चिन्ह बघा, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल. ते गृहीत धरलं तर पार्ट आरशातला निघतो. दुसरं, भोकाच्या पोझिशनला व्यास ०.१ लिहिलं असेल तर ते उणे-अधिक ०.०५ नाही. दोन्ही दिशांना एकदम चूक झाली तरी भोकाचं केंद्र ०.१ व्यासाच्या वर्तुळात राहायला हवं, म्हणजे एक्स आणि वाय मध्ये प्रत्येकी फक्त ०.०३५ च्या आसपास.

फिक्स्चरमध्ये एक गोष्ट नवीन माणसाकडून हमखास निसटते. दोन भोकांवर पार्ट बसवायचा असेल तर दोन्ही पिना गोल घेऊ नका. भोकांच्या अंतरात ०.०५ इकडेतिकडे झालं की पार्ट अडकतो किंवा बसतच नाही. एक गोल, दुसरी डायमंड पिन. डायमंड पिनच्या घासलेल्या बाजू दोन भोकांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेला यायला हव्यात, म्हणजे त्या दिशेला मोकळीक मिळते आणि पार्टचं फिरणं मात्र अडतं. ती ९० अंशांत उलटी बसवली की अडकणं तसंच राहतं आणि वर पार्ट फिरायलाही लागतो.

पंच_प्लेट:
चौथा प्रश्न. सुरुवात वॉशरच्या टूलपासून करा. एक भोक पाडायचं, एक बाहेरचा आकार तोडायचा. प्रेस टूलमधलं जवळपास सगळं त्यात आहे. कागदावर पूर्ण करून बघा: शीट १.५ मिमी माइल्ड स्टील, बाहेरचा व्यास ३०, भोक १२.

क्लिअरन्स: माइल्ड स्टीलला दर बाजूला जाडीच्या ५ ते ८ टक्के. ६ टक्के धरले तर ०.०९. आता हा क्लिअरन्स कोणाकडे द्यायचा? भोकाचं माप पंच देतो, तुटून पडणाऱ्या ब्लँकचं माप डाय देतो. म्हणून भोकाचा पंच १२.००, त्याची डाय १२.१८. ब्लँकिंगची डाय ३०.००, पंच २९.८२. हे उलटं झालं तर प्रत्येक पार्ट ०.१८ ने चुकतो आणि टूल दुरुस्त होत नाही, नवीनच करावं लागतं.

ताकद: परिघ गुणिले जाडी गुणिले शिअर स्ट्रेंग्थ. माइल्ड स्टीलला ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरा. ३० ला सुमारे ४९.५ किलोन्यूटन, १२ ला सुमारे १९.८. एकूण ६९ च्या आसपास, म्हणजे ७ टन. त्यात स्ट्रिपिंगचे (पंचावर अडकलेली शीट सोडवण्याचे) १० ते २० टक्के आणि प्रेसला २५ टक्के मोकळीक धरली की १० टनी प्रेस जेमतेम पुरते. भोकाचा पंच ब्लँकिंग पंचापेक्षा साधारण शीटच्या जाडीइतका आखूड ठेवला तर दोन्ही एकदम तोडत नाहीत, झटका वाटला जातो. मोठ्या पंचाच्या धक्क्याने बारीक पंच मोडायचाही वाचतो.

डायचं तोंड: सरळ भाग ३ ते ५ मिमी, त्याखाली अर्धा ते एक अंश मोकळीक. मोकळीक दिली नाही तर स्लग (तुटून पडणारे तुकडे) एकावर एक अडकतात, आणि मग पंच मोडतो किंवा डायला तडा जातो. यातलं काय आधी होईल ते सांगता येत नाही.

जुळवणी: पंच-डाय एका रेषेत आणताना चारही बाजूंना ०.०९ ची पट्टी घालून बघा, स्क्रू हलके आवळा, पातळ कागद कापा. कागद सगळीकडून सारखा तुटला तर स्क्रू पूर्ण आवळा आणि पुन्हा एकदा कापून बघा, कारण आवळताना प्लेट सरकते. डॉवेलची (प्लेटची जागा पक्की करणाऱ्या पिनेची) वेळ त्यानंतर येते. स्क्रू धरून ठेवतो, जागा डॉवेल ठरवतो. हा फरक विसरून नुसत्या स्क्रूवर सोडलेलं टूल काही हजार ठोक्यांत सरकतं. दोन डॉवेल होतील तितके लांब आणि कडेपासून असमान अंतरावर घ्या, म्हणजे प्लेट उलटी बसूच शकणार नाही.

१० मिमी डॉवेल: ड्रिल ९.८, रीमर १० एच७. भोक १०.००० ते १०.०१५ येतं, एम६ डॉवेल (इथे एम६ म्हणजे टॉलरन्स, आटा नाही) १०.००६ ते १०.०१५ असतो. रीमरला ड्रिलच्या निम्म्याहून कमी आरपीएम, तेल भरपूर, आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत काढा. उलटा फिरवलात की कीस धारेखाली दाबला जातो, धार तुटते.

आटे पाडायच्या टॅपसाठी ड्रिल पाठ करून ठेवा: एम६ ला ५.०, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२.

सगळ्यांत उपयोगी सवय म्हणजे स्लग उचलून भिंगाखाली बघणे. माइल्ड स्टीलमध्ये क्लिअरन्स बरोबर असेल तर कडेवर साधारण एक तृतीयांश चमकदार पट्टा, बाकी खरखरीत तुटलेला भाग, बर अगदी थोडी. चमकदार पट्टा दोनदा दिसला तर क्लिअरन्स कमी आहे. कड गोलसर वाकलेली, पट्टा अरुंद आणि बर मोठी, तर जास्त आहे. पट्टा एका बाजूला रुंद आणि समोर अरुंद असेल तर पंच रुंद बाजूकडे सरकलाय. नवीन माणूस बर दिसली की थेट धार लावायला टूल काढतो. पण एकाच बाजूला बर असेल तर धार लावून काही होत नाही. दोन दिवसांत ती परत येते. आधी जुळवणी बघा.

शिकाऊ_टूलरूम:
खूप आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. डायमंड पिनचं आणि १८० अंशांचं आजच वहीत उतरवलं.

एक राहिलं. डाय ब्लॉक डी२ (हवेत हार्ड होणारं टूल स्टील) चा असेल तर हार्डनिंग, ग्राइंडिंग आणि वायरकट यांचा क्रम कसा ठेवायचा? आणि हार्ड झालेल्या ब्लॉकमध्ये रीमर कसा चालणार?

टेंपर:
बरोबर पकडलंत. वर शेवटी रीम करायला सांगितलंय ते मऊ प्लेटसाठी. ६० एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाचा आकडा) ब्लॉकमध्ये रीमर पहिल्याच फेरीत जातो. डाय ब्लॉकमधली डॉवेलची भोकं वायरकटवर प्रोफाइलबरोबर एकाच सेटिंगमध्ये घ्या, म्हणजे प्रोफाइल आणि डॉवेल यांचं अंतर मशीनच्या अचूकतेने येतं. मग जुळवणी करून तीच भोकं मार्गदर्शक धरून खालच्या मऊ डाय शूमध्ये (डाय ज्यावर बसते त्या प्लेटमध्ये) ड्रिल आणि रीम करा.

पूर्ण क्रम: करवतीवर कापणे, मिलिंगने सहा बाजू (दर बाजूला ०.३ ते ०.४ सोडून), स्क्रूची भोकं आणि आटे, वायरकटच्या सुरुवातीची भोकं, सगळ्या कडा मोडणे, हार्डनिंग-टेंपरिंग, सरफेस ग्राइंडिंग, वायरकट, जुळवणी. आटे आधीच पाडायचे. नंतर ते शक्य नाही. वायरकटच्या सुरुवातीचं भोक विसरणं ही नेहमीची फजिती. मग हार्ड ब्लॉकमध्ये स्पार्कने भोक पाडत बसावं लागतं.

डी२ ला आधी टप्प्याने तापवून १०१० ते १०३० °से. पर्यंत न्यायचं आणि हवेत थंड करायचं. ब्लॉक ५० ते ६० अंशांवर आला, हाताला जेमतेम सोसेल इतका, की ताबडतोब टेंपरिंगला. "उद्या करू" म्हणून ठेवलेला ब्लॉक रात्रीत तडकतो. टेंपरिंग दोनदा. २०० °से. ला केलं तर ६० एचआरसीच्या आसपास कडकपणा राहतो. वायरकट करायचं असेल तर ५०० ते ५२० ला करून घ्या. कडकपणा एक-दोन अंकांनी उतरेल, पण आतला ताण बराच सुटलेला असतो आणि कापताना ब्लॉक उघडत नाही. ओ१ सारखं तेलात हार्ड होणारं स्टील असेल तर ७९० ते ८२० आणि तेल. त्यात वाकडेपणा जास्त येतो, त्यामुळे मटेरियलही जास्त सोडा.

तडे कुठून सुरू होतात ते आधीच बघून ठेवा: आतला तीक्ष्ण कोपरा, कडेला फार जवळ असलेलं भोक, आणि ठोकून खोल उठवलेले नंबर. कोपऱ्याला निदान अर्धा मिमी त्रिज्या, भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत व्यासाच्या दीडपट अंतर, आणि नंबर हार्डनिंगनंतर हलके कोरून. भट्टीत हवा असेल तर वरचा थर कार्बन गमावतो, म्हणून स्टेनलेसच्या फॉइलमध्ये गुंडाळतात किंवा व्हॅक्यूम भट्टी वापरतात. हा मऊ थर ग्राइंडिंगमध्ये पूर्ण निघायला हवा, ०.३ ते ०.४ सोडण्याचं एक कारण हेच आहे.

ग्राइंडिंग: हार्ड स्टीलला मऊ ग्रेडचं चाक. ऐकायला उलटं वाटतं, पण हार्ड मटेरियलवर कण लवकर बोथट होतात. ते गळून नवे कण पुढे यायला हवेत. कडक चाक बोथट कण धरून ठेवतं, घासतं आणि जॉब जाळतं. पांढरं ॲल्युमिना, ४६ ग्रेनचं चाक सर्वसाधारण कामाला ठीक. रफिंगला ०.०१, फिनिशिंगला ०.००२ ते ०.००५ फीड. डायमंड १० ते १५ अंश तिरपा ठेवून चाक ड्रेस करा, म्हणजे बोथट थर घासून काढा, आणि ड्रेसिंगला आळस करू नका. तपकिरी-निळा डाग दिसला तर पॉलिश करून तो झाकू नका. खाली मऊ झालेला थर आणि बारीक तडे तसेच राहतात, आणि डायची धार तिथूनच उडते.

पातळ प्लेट मॅग्नेटिक चकवर सपाट दिसते, कारण चुंबकाने ती ओढून धरलेली असते. सोडली की परत वाकते. फुगलेल्या भागाखाली शिम द्या, एका बाजूने ०.०२ घ्या, उलटा, पुन्हा ०.०२. एका बाजूने सगळं काढून संपवू नका. शेवटी डीमॅग्नेटाइज करा, नाहीतर कीस चिकटतो आणि पुढचं माप चुकतं.

वायरकट: ०.२५ च्या वायरला ऑफसेट म्हणजे ०.१२५ अधिक स्पार्कची फट. कट ब्लॉकच्या बाहेरून सुरू करू नका, आतल्या भोकातून सुरू करा. बाहेरून चिरलेला ब्लॉक ताण सुटून फाकतो. पहिल्या कटनंतर कडेवर वितळून पुन्हा गोठलेला ठिसूळ थर राहतो, तो दोन-तीन स्किम कटमध्ये (अगदी बारीक शेवटच्या कटमध्ये) काढायचा. एका कटमध्ये उरकलेल्या डायची धार लवकर कण-कण उडते ती यामुळेच.

दोन_हात:
वर कुणी सुरक्षेचं लिहिलं नाही, म्हणून एवढंच. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नाहीत, कापडी तर मुळीच नाहीत. चक की हातातून सुटायच्या आधी चकमधून निघालेली हवी. कीस हुकने काढा, हवेने उडवू नका. ग्राइंडिंग चाक बसवण्याआधी लाकडी मुठीने हलकं ठोकून आवाज ऐका; व्हिट्रिफाइड चाक खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर तडा आहे. बसवल्यावर गार्ड लावून, बाजूला उभं राहून निदान एक मिनिट रिकामं चालवा. प्रेसमध्ये टूल बसवताना किंवा ट्रायआउटला हात आत घालायचा असेल तर मेन स्विच बंद करून कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, फ्लायव्हील फिरत असतं. आय बोल्ट खांदा टेकेपर्यंत आवळा आणि दोरी शक्यतो उभी ओढली जाईल अशी बांधा.

कानस_आणि_छिन्नी:
पुढच्या वाटचालीबद्दल थोडं लिहितो. पूर्ण टूलमेकर व्हायला तीन ते चार वर्षं धरा. बेंच, मिलिंग-लेथ, ग्राइंडिंग, स्पार्क आणि वायरकट, जुळवणी, ट्रायआउट असा साधारण क्रम. ट्रायआउटला बोलावलं नाही तरी उभे राहा. टूल कुठे अडलं, सुधारण्यासाठी कुठे किती घासलं, ते तिथे दिसतं, ड्रॉइंगवर दिसत नाही. पहिल्या दोन वर्षांत मोल्ड की प्रेस टूल हे ठरवू नका. मोल्डमध्ये डोकं वेगळ्या ठिकाणी चालवावं लागतं: पॉलीप्रॉपिलीन दीड ते दोन टक्के आकसतं, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि पोकळीची मापं त्या हिशोबाने वाढवून काढावी लागतात. हवा जायला दिलेली फट दोन-तीन शतांशांची असते. ती जास्त झाली की फ्लॅश, कमी झाली की पार्टवर जळका डाग.

वही ठेवा. प्रत्येक जॉबला ऑपरेशनचा क्रम, कोणत्या बाजूवरून माप धरलं, किती सोडलं, आलेलं माप, आणि बिघडलं तर कारण. दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीला गेलात की प्रमाणपत्रापेक्षा ही वही जास्त बोलते.

मुलाखतीत आणि कामावर रोज लागणारं गणित दोन प्रकारचं. आरपीएम: १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. हायस्पीड स्टीलचं १० मिमी ड्रिल, माइल्ड स्टील, २५ मीटर प्रति मिनिट, तर सुमारे ८००. तेच डी२ मध्ये १० ते १२ मीटर, म्हणजे ३२० ते ३८०. माइल्ड स्टीलच्या वेगाने डी२ ड्रिल केलं की भोकाचा तळ कडक होतो आणि मग नवीन ड्रिलही तिथे नुसतं घासतं. दुसरं, पिच सर्कलवरच्या भोकांचे कोऑर्डिनेट. ८० पीसीडी (पिच सर्कलचा व्यास), सहा भोकं, पहिलं एक्स अक्षावर: दुसरं भोक एक्स २०, वाय ३४.६४१. उरलेली चार रुजू होण्याआधी कागदावर काढा, शेजारच्या कोणत्याही दोन भोकांमधलं अंतर ४० येतं का ते तपासा.